विमानाचं इंधन आणि कोपीतला उजेड

विमानाचं पर्यावरणपूरक इंधन आणि गरिबाच्या घरची वीज, हे दोन प्रश्न एका विद्यार्थिनीने एकाच प्रबंधासाठी घेतले आहेत. तिचं मनापासून अभिनंदन. आपल्याकडे हे दोन विषय सहसा एका टेबलावर येतच नाहीत.

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळलं होतं. अभिमानाचीच गोष्ट! आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट केंद्राने ठेवलं आहे. हे इंधन उसापासून मिळणाऱ्या इथेनॉलपासून करता येतं. म्हणजे इथेनॉलची, पर्यायाने उसाची मागणी वाढणार. पाण्याचं काय, हा प्रश्न सोलापूर-मराठवाड्याकडे कुणालाही विचारा.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. साखर कारखाना उसाच्या चिपाडावर वीज करतो आणि उरलेली महावितरणला विकतो. त्याच कारखान्याच्या तळावर बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, असतात. तिथे कित्येकदा मीटर नसतो, दिवा नसतो. बाई पहाटे अंधारात तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापते, मोबाईल चार्ज करायला पोरगं जवळच्या टपरीवर जातं. उद्या चिपाडापासूनही विमानाचं इंधन होऊ लागलं, तर महावितरणला मिळणारी ही वीजही घटेल. तो हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा?

प्रबंधात या मजुरांना स्वतंत्र जागा मिळावी, एवढंच मागणं. गाळप हंगाम सुरू असताना एखाद्या तळावर आठवडाभर राहून नोंदी घेतल्या तर फार मोलाचं काम होईल.