व्हॅलन्सी क्रॉस करून समीकरण होत नाही

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, मूलद्रव्यांपासून कुठलंही संयुग तयार होण्याचं समीकरण झटक्यात लिहायची ट्रिक म्हणून. चिन्हं लिहा, व्हॅलन्सी (एक अणू किती बंध करू शकतो तो आकडा) क्रॉस करा म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहा, दोन्हीकडचे अणू जुळवा, अपूर्णांक आला म्हणजे उत्तर चुकलं, स्थायू-द्रव-वायू लिहायच्या भानगडीत पडू नका, आणि बॅलन्स झालं की रिअ‍ॅक्शन होतेच. मुलं हे पाठ करतायत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्यांना पुढे नडणार आहे.

पहिलं, नुसतं चिन्ह लिहून भागत नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं जोडीनेच असतात, म्हणून एच₂, ओ₂ असंच लिहायचं. धातूंना नुसतं चिन्ह चालतं. गंधकाचा रेणू खरं तर आठ अणूंचा, पण तिथे नुसतं एस लिहायची पद्धत आहे, ते चालतं.

"अणू जुळवा" म्हणताना कुठला आकडा बदलायचा ते मेसेजमध्ये सांगितलेलंच नाहीये. मग मुलं काय करतात, एच₂ + ओ₂ → एच₂ओ मध्ये उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडतो म्हणून सरळ एच₂ओ₂ करून टाकतात. अणू जुळले, पण पाण्याचं झालं हायड्रोजन पेरॉक्साइड! सूत्रातल्या खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, फक्त पुढचा आकडा बदलायचा: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ.

आता व्हॅलन्सी क्रॉस करणं, इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ही युक्ती साधं सूत्र लिहायला मदत करते हे मान्य, पण दोन मूलद्रव्यं एकत्र आल्यावर नक्की कुठलं संयुग तयार होईल हे ती सांगूच शकत नाही. लोखंडच घ्या ना. तापवलेल्या लोखंडावरून क्लोरिन सोडला की एफईसीएल₃ मिळतं, म्हणजे व्हॅलन्सी ३. तेच लोखंड गंधकाबरोबर तापवलं की एफईएस, इथे व्हॅलन्सी २. आणि लोखंडाची तार शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळली की मुख्यतः एफई₃ओ₄ मिळतं, आता हे २ क्रॉस करा नाहीतर ३ क्रॉस करा, येणारच नाही, कारण त्यात दोन्ही प्रकारचं लोखंड एकत्र असतं. लिथियम, सोडियम, पोटॅशियम तिघांचीही व्हॅलन्सी १, मग भरपूर ऑक्सिजनमध्ये जाळल्यावर तिघांचं सारखंच ऑक्साइड यायला हवं ना? लिथियमचं एलआय₂ओ येतं, सोडियमचं मुख्यतः पेरॉक्साइड एनए₂ओ₂, आणि पोटॅशियमचं सुपरऑक्साइड केओ₂. हे कागदावर क्रॉस करून कळत नाही, आधी प्रयोगात काय मिळतं ते माहीत असावं लागतं, आकडे त्यानंतर.

अपूर्णांकाचं तर उलटंच आहे. नेहमीच्या समीकरणात पूर्णांक लिहितात, ठीक आहे, पण फॉर्मेशन एन्थाल्पीचं (मूलद्रव्यांपासून संयुग तयार होताना बाहेर पडणाऱ्या किंवा शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचं) समीकरण मागितलं असेल तर व्याख्येनुसार संयुग बरोबर १ मोलच (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या) तयार व्हायला हवं. म्हणून अमोनियासाठी १/२एन₂ + ३/२एच₂ → एनएच₃ हेच बरोबर, आणि त्यात सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अपूर्णांक घालवायला सगळं दुप्पट केलंत की उष्णता ९२ होते आणि ती १ मोलची राहत नाही, तिथे गणित चुकतं.

अवस्थेचंही तसंच. १ मोल द्रव पाणी तयार होताना २८५.८ किलोज्यूल बाहेर पडतात, वाफ तयार झाली तर २४१.८. कंसात द्रव लिहिलंय की वायू, एवढ्यानेच ४४ चा फरक! कार्बन असेल तर तो ग्रॅफाइट आहे हेही लिहायचं, हिरा घेतला तर सुमारे १.९ चा फरक पडतो.

राहिलं "बॅलन्स झालं की रिअ‍ॅक्शन होतेच". सी + २एच₂ → सीएच₄ (मिथेन) अगदी बॅलन्स्ड आहे, पण ग्रॅफाइट आणि हायड्रोजन साध्या तापमानाला एकत्र ठेवून बघा, काही होत नाही. तरी हे समीकरण लिहितात, कारण हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडलेल्या नियमामुळे (एकूण उष्णता कुठल्या वाटेने गेलो यावर अवलंबून नसते) त्याची उष्णता आडवाटेने काढता येते. ग्रॅफाइट, हायड्रोजन आणि मिथेन तिन्ही वेगवेगळे जाळायचे, ते ऑक्सिजनमध्ये जाळता येतात. ग्रॅफाइटचे ३९३.५ आणि २ मोल हायड्रोजनचे ५७१.६ मिळून ९६५.१, त्यातून मिथेनच्या ज्वलनाचे ८९०.३ वजा केले की उरतात ७४.८ किलोज्यूल, आणि हीच १ मोल मिथेन तयार होताना बाहेर पडणारी उष्णता, ती अभिक्रिया प्रत्यक्ष न घडवता मिळालेली.