गिरगावात मेट्रो आली, गिरगावकर कुठंयत?

मेट्रो कफ परेडपर्यंत चालू झाल्यापासून ठाकुरद्वारच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. परवा रविवारी मिलिंदसाहेब (आम्हीच म्हणतो साहेब, ऑफिसात काय म्हणतात माहीत नाही) गोरेगावहून खास मेट्रोने आले आणि टेकायच्या आधीच सुरू, "वर्ल्ड क्लास रे! एसी, स्वच्छ, धक्काबुक्की नाही, आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि फक्त ७० रुपये!"

"आणि घरापासून आरेपर्यंत रिक्षाचे किती झाले ते सांग आधी," बाळ्या.

साहेबांनी ते ऐकलंच नाही.

नंद्या चहात खारी बुडवत होता, मान वर न करता म्हणाला, "धक्काबुक्की कोण करणार? गिरगावकर गेला विरारला नाहीतर डोंबिवलीला, आणि मेट्रो जाते आरेला."

"अरे पण ग्रँट रोडला लोकलमधून उतरून बदलता येतं ना!"

"विरारपासून ग्रँट रोडपर्यंत जो लटकत आला तो चर्चगेटपर्यंतची तीन स्टेशनंही लटकूनच जाईल, त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढून पाताळात कशाला उतरेल? आणि आपल्याला खाली फलाटापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो ना तेवढ्यात चर्नी रोड येतं चालत."

इथे बाळ्या पेटला. कारशेड आरेत, मग कांजूरला, मग परत आरेत, यात वर्षं गेली आणि २३ हजार कोटींचे ३७ हजार कोटी झाले, ते कोणाच्या खिशातून वगैरे. आता तो पक्षांवर येणार हे ओळखून दादा म्हणाले, "नाव घेतलंस तर आजचा चहा तुझा." बाळ्या गप्प. एवढ्या वर्षांत त्याला गप्प करायचा हाच एक उपाय सापडलाय.

मिलिंदने मग पीपीटी उघडल्यासारखा चेहरा केला. "जगन्नाथ शंकरशेट रोडसारख्या अरुंद रस्त्याखाली स्टेशन बांधायचं म्हणजे खायचं काम आहे का? थोडा आवाज, थोडी धूळ होणारच. विकासाची किंमत मोजावी लागते."

"कफ परेडवाल्यांना नाही लागली," नंद्या म्हणाला, "ते हायकोर्टात गेले आणि काही महिने रात्रीचं काम बंद करून घेतलं. आपण कानात कापूस घालून झोपलो. आणि किंमतीचं तू बोलूच नकोस हां. तू पागडीची खोली विकून गेलास तेव्हा मोजत होतास, पण नोटा."

मी इतका हसलो की चहा शर्टावर.

पण खरं सांगायचं तर नंद्याची बोलती दादांनी बंद केली. गुडघ्यामुळे त्यांचं सिद्धिविनायकाला जाणं सुटलंच होतं, टॅक्सी परवडत नाही आणि बस वेळेवर येत नाही, आता लिफ्टने खाली, बसून थेट सिद्धिविनायक स्टेशन, परत लिफ्टने वर. "मंगळवारी जाऊन आलो, एकटा," असं म्हणाले तेव्हा नंद्याने चक्क दुसरी खारी मागवली. मग म्हणाला, "केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून बसलाय की बाप्पा, तो नाही का चालत तुम्हाला?" पण त्यात दम नव्हता, त्यालाही माहीत होतं.

गणपतीवरून गाडी मंडळावर आली, आणि मंडळावरून मिलिंदने नेलेल्या त्या वर्गणीच्या पावतीबुकावर. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही. "गोरेगावच्या टॉवरमध्ये फाडतोस काय रे पावत्या?"

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. घरून. "अगं मी कधीचा... नाही, खाली होतो, रेंज नव्हती..."

समोर चार माणसं साक्षीला आणि हा पठ्ठ्या तासभर आमच्याबरोबर कट्ट्यावर!

"बघ नंद्या, मेट्रोचा फायदा," दादा म्हणाले.

"हां, याला ७० रुपये म्हणजे काहीच नाही," नंद्या उठत म्हणाला आणि टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "सगळ्यांचे साहेबांकडून घे रे, नाहीतर वहिनींना फोन लावतो."