काचेचे नाव आणि भिंगांची संख्या पाहून दुर्बीण निवडता येत नाही

पुण्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. तो थोडक्यात असा : भिंगाची उच्च प्रतीची दुर्बीण घ्यायची तर वस्तुभिंग (नळीच्या पुढच्या टोकाचे मुख्य भिंग) ट्रिपलेट, म्हणजे तीन भिंगांचेच असावे, त्यात एफपीएल-५३ काच असावी, सोबत ०.९५ किंवा त्याहून अधिक स्ट्रेल गुणोत्तराचे, म्हणजे प्रतिमेच्या निर्दोषतेच्या मापाचे, प्रमाणपत्र असावे. व्यास १३० मिलिमीटरच्या खाली नसावा. अशी दुर्बीण शहराचा उजेडही कापते, परदेशातून थेट मागवली तर स्वस्त पडते आणि आयुष्यभर दुसरी घ्यावी लागत नाही, असे त्यात पुढे म्हटलेले असते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यातले बहुतेक मुद्दे कोणत्या ना कोणत्या खऱ्या गोष्टीवरून निघालेले आहेत, म्हणूनच तो पटकन पटतो. परंतु त्यावर विसंबून काही लाख रुपये खर्च करणाऱ्याचे नुकसान होऊ शकते, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम काच. एफपीएल-५३ ही जपानच्या ओहारा कंपनीची काच उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. काचेतून जाताना प्रकाशाचे रंग किती कमी फाकतात हे ॲबे अंकावरून कळते. तो साध्या बीके-७ काचेचा ६४, एफपीएल-५१ चा ८१.५ आणि एफपीएल-५३ चा ९५ च्या जवळ आहे. पण रंगदोष, म्हणजे रंग फाकल्यामुळे प्रतिमेभोवती दिसणारी रंगीत झालर, एकटी काच घालवत नाही. वस्तुभिंगात तिच्या जोडीला दुसरी काच असते आणि वर्णपटाच्या निरनिराळ्या भागांत या दोन काचांचे वर्तन एकमेकींशी किती जुळते, यावर शेवटी किती रंग उरणार हे ठरते. जाहिरातीत पहिल्या काचेचे नाव ठळक छापलेले असते. जोडीच्या काचेबद्दल मात्र बहुतेक वेळा काहीच नसते, फार तर ती लँथेनमयुक्त आहे एवढे सांगितलेले असते. शिवाय होया कंपनीची एफसीडी-१०० ही काच गुणधर्मांनी एफपीएल-५३ च्या अगदी जवळची आहे आणि तिचा ॲबे अंक ९५.१ आहे. केवळ नाव वेगळे दिसले म्हणून तिची दुर्बीण यादीतून काढून टाकण्याचे काहीही कारण नाही.

काचेइतकीच महत्त्वाची असलेली एक गोष्ट या सल्ल्यात मुळीच येत नाही, ती म्हणजे नाभ्यांतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजेच एफ-गुणोत्तर. ते ६ असेल तर एफ/६ असे लिहितात. त्याच काचा वापरल्या तर डोळ्याला जाणवणारा रंगदोष व्यासाच्या प्रमाणात वाढतो आणि एफ-गुणोत्तराच्या प्रमाणात घटतो. १०० मिलिमीटरची दुर्बीण एफ/६ ऐवजी एफ/९ केली की तो दोन-तृतीयांशावर येतो. एफ/७ कायम ठेवून व्यास १०० वरून १३० केला की तो तीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून १३० मिलिमीटरच्या आखूड दुर्बिणीला तीन भिंगांची गरज भासते हे खरे असले, तरी त्यावरून १०० मिलिमीटरच्या लांब नळीच्या डब्लेटमध्ये, म्हणजे दोन भिंगांच्या वस्तुभिंगात, रंग दिसतातच असा निष्कर्ष निघत नाही.

भिंगांच्या संख्येचा प्रश्न येथूनच पुढे येतो आणि माझ्या मते संपूर्ण सल्ल्यातले सर्वांत दिशाभूल करणारे विधान हेच आहे. तिसरे भिंग आले की रचनाकाराला आणखी दोन पृष्ठभाग हाताशी मिळतात, त्यामुळे निळ्या-जांभळ्या टोकाकडचा रंगदोष आणि रंगागणिक बदलणारे गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) अधिक चांगले आवरता येते. आखूड दुर्बिणीतून छायाचित्रण करणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो, कारण डोळ्याला रात्री जेमतेम जाणवणारा जांभळा प्रकाश कॅमेरा मुकाट्याने नोंदवून ठेवतो आणि ताऱ्याभोवती वलय उमटते. डोळ्याने पाहणाऱ्याचा फायदा त्या मानाने थोडा आहे, आणि त्याची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीस अंशांच्या आसपास असलेले तापमान पहाटेपर्यंत दहा-बारा अंशांवर उतरते. घरातून गच्चीवर आणलेल्या ट्रिपलेटमधले मधले भिंग दोन्ही बाजूंनी झाकलेले असल्यामुळे त्याची उष्णता सावकाश बाहेर पडते, आणि तिन्ही भिंगे एका तापमानाला येईपर्यंत प्रतिमेत गोलीय विपथन राहते. दोन भिंगांची दुर्बीण या बाबतीत लवकर स्थिरावते. ऑफिसातून परतल्यावर दीड-दोन तास निरीक्षणाला मिळणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. जपानच्या ताकाहाशी कंपनीची एफसी-१००डीएफ ही एफ/७.४ ची दुर्बीण फ्लोराइटचे डब्लेटच आहे, आणि ग्रहनिरीक्षकांमध्ये तिला जो मान आहे तो पाहता भिंगे मोजून दर्जा ठरवण्याचा आग्रह टिकत नाही.

आता स्ट्रेल गुणोत्तराकडे वळू. निर्दोष वस्तुभिंगाने दिलेल्या ताऱ्याच्या प्रतिमेच्या शिखर-तेजाशी प्रत्यक्ष प्रतिमेच्या शिखर-तेजाची तुलना म्हणजे हे गुणोत्तर. ०.८० हा विवर्तनमर्यादित दर्जाचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे पडणाऱ्या मर्यादेपर्यंत पोचणाऱ्या भिंगाचा, प्रचलित उंबरठा मानतात आणि ०.९५ हा आकडा निश्चितच चांगला आहे. मात्र तो कोणत्या रंगाच्या प्रकाशात मोजला, हे सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थ राहत नाही. समजा, भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या तरंगपृष्ठातली सरासरी वर्गमूळ (आरएमएस) चूक २० नॅनोमीटर आहे. ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरने मोजले तर स्ट्रेल ०.९६ येईल, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात तेच ०.९५ च्या किंचित खाली जाईल आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ०.९२ च्या आसपास उतरेल. येथे तरंगपृष्ठातल्या त्या चुकीचा आकार सर्व रंगांत एकच धरला आहे. प्रत्यक्ष भिंगात रंगाबरोबर तो आकारही बदलतो, त्यामुळे निळ्यातली घसरण बहुधा याहून अधिक असते. रात्री डोळा सर्व रंग एकदम पाहतो, आणि प्रमाणपत्रावर बहुतेक वेळा एकाच रंगाचा आकडा असतो. दुसरे असे की, चाचणी कारखान्यातल्या स्थिर तापमानात होते; त्यानंतर दुर्बीण हजारो किलोमीटरचा प्रवास करते, भिंगे आपल्या कड्यात किंचित सरकू शकतात किंवा थंडीत कडे आकसून त्यांना आवळू शकते. याची खरी परीक्षा ताऱ्यावरच होते. दुर्बीण थंड झाल्यावर डोक्यावरचा मध्यम तेजाचा तारा दोनशेच्या आसपास वर्धन देऊन पाहावा आणि फोकसच्या आत व बाहेर दिसणारी वलये ताडून बघावीत. दोन्हीकडे वलये सारखी आणि गोल दिसली तर समाधान मानावे. ती त्रिकोणी दिसली तर भिंग आवळले गेले आहे आणि एका बाजूला झुकलेली दिसली तर भिंगे केंद्रित नाहीत, असे समजावे. हे एका संध्याकाळचे काम आहे आणि माझा त्या कागदापेक्षा यावर अधिक विश्वास आहे.

उत्तम भिंग शहराचा उजेड कापते, हे विधान तर सपशेल चुकीचे आहे. तेजोमेघाचा प्रकाश आणि उजळलेल्या आकाशाचा प्रकाश एकाच वस्तुभिंगातून एकाच वाटेने आत येतात. कितीही महागडी काच त्यांना वेगळे करू शकत नाही. नळी आतून नीट काळी केलेली असेल तर शेजारच्या दिव्याचा तिरपा प्रकाश अडतो, इतकाच काय तो लाभ. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनेही आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण शहराच्या उजेडापासून दूर, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला उभारली. अंधूक दीर्घिका पाहण्याची ज्याला ओढ आहे त्याने वेल्हे किंवा भोरच्या बाजूला जाण्याची सोय आधी करावी.

चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना मात्र शहराचा उजेड फारसा बाधत नाही, आणि मध्ये आरसा नसलेले स्वच्छ भिंग येथेच आपला खरा गुण दाखवते. पुण्याचे अक्षांश साडेअठरा असल्याने आपले भाग्यही मोठे आहे : १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीच्या (ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असण्याच्या) सुमारास मिथुनेतला गुरू मध्यरात्री येथे जवळजवळ डोक्यावर होता, तर लंडनमध्ये तोच साठ-एकसष्ट अंशांपर्यंतच चढत होता. ग्रह जितका उंच, तितका वातावरणाचा थर पातळ आणि प्रतिमा निवांत. १०० मिलिमीटरच्या भिंगाची जोडतारे वेगळे करण्याची मर्यादा डॉज यांच्या सूत्राप्रमाणे १.१६ विकला येते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). म्हणजे अभिजितजवळच्या प्रसिद्ध दुहेरी जोडताऱ्याच्या दोन्ही जोड्या, ज्यांच्यातले अंतर सव्वादोन विकलांच्या आसपास आहे, गच्चीवरूनही स्वच्छ सुटतात.

१३० मिलिमीटरच्या आग्रहाबद्दल थोडेच सांगायचे आहे. १०० च्या तुलनेत तो व्यास १.६९ पट प्रकाश गोळा करतो, हा फायदा खरा आहे. पण अशा ट्रिपलेटला पेलणाऱ्या माउंटचे, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचे, नुसते डोके बऱ्याचदा पंधरा किलोंच्या पुढे जाते, त्यावर प्रतिभार आणि तिवई वेगळी, आणि सोसायटीची लिफ्ट बहुधा गच्चीच्या एक मजला खालीच थांबते. जी दुर्बीण दर वेळी दोघांनी उचलावी लागते ती हळूहळू कमी वेळा बाहेर निघते, आणि निरीक्षणाचा सराव तुटला की मोठ्या व्यासाचा फायदा कशात घेणार? पहिलीच चांगली दुर्बीण घेणाऱ्याने १०० मिलिमीटरचे डब्लेट, भक्कम माउंट आणि दोन-तीन उत्तम नेत्रिका (डोळ्याकडची भिंगे) यांत पैसे वाटावेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्याआधी १९४४ पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून पाहावा.

आयुष्यभर पुरण्याचा आणि परदेशातून थेट मागवण्याचा मुद्दा एकत्रच पाहिला पाहिजे, कारण दोन्हींचे उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. जून ते सप्टेंबर दुर्बीण बहुतेक पेटीतच राहते, आणि फोमच्या अस्तराची बंद पेटी ओलावा धरून ठेवते. भिंगावर बुरशी आली आणि वेळेवर निघाली नाही तर ती लेपन खाते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा, किंवा त्याहून बरे म्हणजे आर्द्रता नियंत्रित करणारे छोटे कपाट, हा दुर्बिणीच्याच खर्चाचा भाग समजावा. बुरशी दोन भिंगांच्या मधल्या पोकळीत शिरली तर घरी काहीच करता येत नाही. भिंगे सुटी करून, साफ करून पुन्हा केंद्रित करावी लागतात. थेट मागवताना वाचलेली रक्कम सीमाशुल्क आणि वाहतूक खर्चात पुष्कळशी निघून जाते, आणि उरलेली अशा एका दुरुस्तीसाठी दुर्बीण परत पाठवण्यात जाऊ शकते. म्हणून विक्रेता देशातला असो वा परदेशातला, भिंगे उघडून साफ करण्याचे काम कोण करील, दुर्बीण कोठे पाठवावी लागेल आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्यापूर्वी त्याच्याकडून लेखी घ्यावे.