आमच्याकडे पण आहे!

भाचा अमेरिकेहून आला की पहिले दोन दिवस झोपतो आणि तिसऱ्या दिवशी फोटो दाखवतो. या खेपेला युटा राज्यातल्या एका दगडी कमानीचे होते. वाळवंटातल्या उघड्याबोडक्या लालसर खडकावर एकटीच उभी, ४६ फूट उंच, नाव 'डेलिकेट आर्च'. तिकडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तिचं चित्र असतं.

"मामा, जाऊन-येऊन ३ मैल. पण वाटेत सावलीचं नाव नाही. माणशी किमान २ लिटर पाणी न्यायला सांगतात."

फोटो खरोखरच देखणा होता. "वा, छान" म्हणून मी चहा संपवला असता, तर आज गुडघ्यांना तेल चोळत हे लिहायची वेळ आली नसती. पण आमचा जन्म सदाशिव पेठेतला. तोंडून निघून गेलं, "त्यात काय एवढं? आमच्याकडे पण आहे."

"काय?"

"कमान. राजगडाला, सुवेळा माचीवर. नेढं म्हणतात."

सुईच्या ज्या भोकात दोरा ओवतात ते नेढं, हे त्याला समजावून सांगावं लागलं. डोंगराला तसंच आरपार भोक पडलं की तेही नेढंच. भाचा म्हणाला, त्या पार्कात अशा २,००० हून जास्त कमानी आहेत; पण भोक किमान ३ फूट असेल तरच ती मोजतात.

"३ फूट? अरे, आमच्या नेढ्यात माणसं ओळीनं बसून डबे खातात!"

"तू कधी गेला होतास?"

"१९८९ साली." स्वयंपाकघरातून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. तिला खोकला नव्हता.

तिनं समजूतदार पर्याय सुचवला. आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्यानं खडक पोखरून केलेला नैसर्गिक पूल आहे, गाडीतून उतरलं की झालं. "तो पूल," मी म्हणालो, "कमान नव्हे." भाच्यानंही मान डोलावली. वाहत्या पाण्यानं कोरलं की पूल, नाहीतर कमान, असा फरक तिकडेही करतात म्हणे. त्या सबंध प्रकरणात शास्त्र माझ्या बाजूनं उभं राहिलं ते तेवढंच.

मार्च संपत आला होता. भाच्याच्या पाठीवर नळीवाली सॅक, म्हणजे सलाइन लावल्यासारखं चालता चालता पाणी प्यायचं. माझ्याकडे कापडी पिशवी, तीत एक बाटली, चिवडा आणि छत्री. शिवाय घरातून निघताना नेहमीप्रमाणे कानात अत्तराचा फाया. हा फाया लक्षात ठेवा.

नसरापूर फाटा, मार्गासनी, साखर करत गुंजवण्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पोटभर पोहे खाल्ल्याशिवाय निघायचं नाही हा हट्ट माझाच. खालून गड असा दिसतो की वाटतं, हा काय, पोचलोच. गडांची ही जुनी खोड आहे.

पहिली वीस मिनिटं मी पुढे होतो. मग मुरमाड घसारा लागला. त्यावर वाळलेलं गवत, म्हणजे पाऊल ठेवावं तिथं ते राहीलच असं नाही. सावली म्हणाल तर माझ्या छत्रीची. युटात निदान रंग तरी लाल असतो. आमचा काळा कातळ ऊन आधी पोटात घेतो आणि मग आपण त्यावर हात टेकला की व्याजासह परत करतो.

अशा वेळी पुणेकराच्या मदतीला इतिहास धावून येतो. "दम लागला, थांबू या" म्हणणं कमीपणाचं. पण "इथं जरा थांब, तुला एक सांगतो" हे म्हणजे संस्कार. पहिल्या थांब्याला मी पुरंदरचा तह काढला. १६६५, मोगलांना २३ किल्ले दिले, १२ राखले, त्यात हा राजगड. श्वास जागेवर येईना म्हणून मिर्झाराजे जयसिंगांची सबंध मोहीम सांगितली. दुसऱ्या थांब्याला आग्र्याहून सुटका, १६६६. महाराज परत आले ते याच गडावर, आणि ते सांगताना माझा कंठ दाटून आला असं भाच्याला वाटलं. घसा कोरडा पडला होता. तिसऱ्या थांब्याला १६७०, राजाराम महाराजांचा जन्म, तोही इथलाच.

चौथ्या थांब्याला इतिहास संपला आणि चढ उरला. नाइलाजानं मी २०२५ वर उडी मारली. राजगडासकट १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते सांगितलं आणि बाराच्या बारा नावं सावकाश मोजली. जिंजीला पोचेपर्यंत नाडी ताळ्यावर आली. भाचा मनापासून ऐकत होता, हे जास्त लागलं.

चोर दरवाजाआधीच्या कातळटप्प्याला लोखंडी रेलिंग आहे. मी ते रेलिंग असं धरलं होतं जसं स्वारगेटला सणाच्या दिवशी एसटीचा दांडा धरतात. दरवाजातून वाकून पद्मावती माचीवर आलो, तळ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, "चला, झाला राजगड."

"आणि कमान?"

कमान पुढे होती. बालेकिल्ल्याच्या पोटाखालून वळसा घालून सुवेळा माचीवर, तीही बऱ्यापैकी आत. वाटेत एक मावशी ताक विकत बसल्या होत्या. दोन ग्लास रिचवून नेढं किती लांब विचारलं, तर म्हणाल्या, "ह्ये काय, हितंच." गावच्या माणसाच्या 'हितंच'ला मोजपट्टी लावू नये. तिसरा ग्लास देताना त्यांनी नाक वर केलं.

"अत्तर लावलंया का? काढून टाका. तिकडं आग्या मोहाच्या माश्या हायेत."

फाया काढला, कान ओढणीच्या टोकानं पुसावेत तसे रुमालानं पुसले, तरी वास जाईना. शेवटी उरलेलं ताक कानांना चोळलं. पुढची सगळी वाट मी हळू आवाजात बोलत होतो. का, ते मलाही माहीत नाही.

आणि मग ते दिसलं. कातळाच्या भिंतीत आरपार भोक, पलीकडे नुसतं आभाळ. खालून वर जायला छोटासा उभा चढ आहे, पोरं खारीसारखी चढत होती. मला खालून भाचा ढकलत होता आणि वरून एक अनोळखी मुलगी "काका, डावा पाय, नाही, दुसरा डावा" असं सांगत होती. कसाबसा आत जाऊन बसलो. वारा असा आला की तीन तासांचा घाम एका मिनिटात वाळला. कितीतरी वेळ मी काही बोललोच नाही. भाच्यानं दोनदा विचारलं, "मामा, बरा आहेस ना?"

उतरताना बरंचसं अंतर मी बूड टेकूनच कापलं. पँटला जे झालं त्याबद्दल घरी अजून एकतर्फी चर्चा चालू आहे.

रात्री भाच्यानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. नेढ्याच्या मधोमध मी, दोन्ही हात पसरून, मांडीवर छत्री. जरा वेळानं कोथरूडहून बहिणीचा निरोप आला, "दादा, मस्त बसलायस. पण कमान कुठंय?"

मी फोटो मोठा करून पाहिला. एका बाजूनं थोडं आभाळ दिसत होतं.