क्लासवाल्या सरांनो, तुमचा पाय जरा पेडलवरून काढा

माझं ड्रायव्हिंग लायसन्स आलं, आयुष्यातलं पहिलं, वय वर्षं 43. अभिनंदनाच्या मेसेजबद्दल सगळ्यांना मनापासून थँक्यू, पण मला बोलायचंय ते वेगळंच आहे आणि लांबणार आहे, सवडीने वाचा.

चाळिशीच्या आसपास गाडी शिकायला येणाऱ्या माणसाला, त्यातही बाई असली की, आपल्याकडचे, म्हणजे नागपुरातले, बरेच क्लास गाडी शिकवतच नाहीत, फक्त लायसन्स काढून देतात. आणि आपणही तेवढ्यावर खूश होतो न, हे मला जास्त खटकतं.

क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. नियमच आहे तसा, शिकवायच्या गाडीला डबल कंट्रोल पाहिजेच, आणि चांगलाच नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका सकाळी नरेंद्र नगरच्या पुलाखालून वर चढताना पुढची ऑटो थांबली, मागे बस, मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरायचा प्रयत्न करून राहिली होती, आणि माझ्या पायाखालचं क्लचचं पेडल माझा जोर नसताना आपोआप खाली गेलं. बाजूला बघितलं तर सरांचा पाय त्यांच्या पेडलवर, एका हातात मोबाईल, आणि गाडी मस्त सुरळीत निघाली. सर म्हणाले, "बघा मॅडम, जमलं न!" जमलं कोणाला? गाडी त्यांनी चढवली. त्याआधीच्या सगळ्या चढांवर हेच झालं असणार, आणि मी घरी जाऊन सांगत होते की मला आता चढ जमतो म्हणून.

मी म्हटलं सर, पाय काढा, मला करू द्या, बंद पडली तर पडू द्या. तर म्हणे, "लायसन निघून जाते मॅडम, तुम्ही कायले टेन्शन घेता?" हेच वाक्य मी नंतर बऱ्याच जणींच्या तोंडून ऐकलं, क्लास वेगळे, सर वेगळे, वाक्य तेच.

आता लायसन्सची टेस्ट कशाची घ्यायची हे कायद्यात नीट लिहून ठेवलंय. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 15 वाचा कधी. आरसा नीट करण्यापासून सुरुवात आहे, मग चढावर थांबून परत गाडी काढणं, ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं, ट्रॅफिक बघून पटकन खालच्या गिअरला येणं, रस्ता ओलांडणाऱ्या लोकांची काळजी घेणं, रिव्हर्स, सगळं आहे. म्हणजे तुम्हाला रस्त्यावर जे लागतं तेच. ट्रॅकवर 8 काढणं, म्हणजे आठच्या आकारात गाडी फिरवणं, हा टेस्टचा छोटासा भाग, पण क्लासमध्ये सगळा जोर त्या 8 वर, कारण तिथे माणूस नापास होतो. ट्रॅकवरच्या 8 मध्ये समोरून राँग साईड अ‍ॅक्टिव्हा येत नाही हो! महालातल्या गल्लीत येते, सक्करदऱ्यात येते, आणि इतवारीत तर हातगाडी, सायकल रिक्षा आणि गाय एकदमच येतात.

मोठेपणी शिकणाऱ्याला भीती जास्त असते, आणि मला ती भीती योग्यच वाटते. अठराव्या वर्षी मागच्या सीटवर आपलं लेकरू नसतं, बीपीची गोळी विसरलेली आई नसते. माझी आई दिघोरीला एकटी असते, मी प्रताप नगरला, रात्री दोन वाजता फोन आला तर मला ऑटो शोधत फिरायचं नव्हतं, कोणाला उठवायचं नव्हतं, म्हणून शिकले. "तुला कायले पाह्यजे गाडी, आम्ही आहोत न" म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, मान्य, पण ते दर वेळी घरी असतात का?

म्हणून ज्या शिकायला निघाल्यात त्यांना माझं कळकळीचं सांगणं. लर्निंग लायसन्सची परीक्षा आधार असेल तर घरबसल्या देता येते, चाळिशी झाली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, लागतो, हे सगळं कोणीही सांगेल, त्यात काही अवघड नाही. खरी गोष्ट पुढे आहे. लर्निंग निघाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, आणि क्लासवाले एकतिसाव्या दिवशी तुम्हाला उभं करायला बघतात कारण त्यांचं पॅकेज संपलेलं असतं. पण लर्निंग 6 महिने चालतं! ते सहा महिने तुमचे आहेत, वापरा ना. गाडीला शिकाऊचा एल लावा, लायसन्सवाला माणूस बाजूला बसवा, पावसात चालवा, रात्री समोरच्या गाडीच्या अप्पर लाईटच्या उजेडात चालवा, संध्याकाळी सहाला व्हेरायटी चौकातून काढा. सरांना पहिल्याच दिवशी सांगा की धोका असेल तेव्हाच पाय लावा, आणि लावला की मला तोंडाने सांगा. पैसे आपण देतो, हे मागायचा हक्क आहे आपला. मी हे मागितल्यावर सर जरा नाराज झाले, पण नंतर खरंच शिकवलं त्यांनी, हँडब्रेकवर गाडी धरून चढावरून कशी काढायची ते इतकं छान समजावलं की आता वर्धा रोडच्या फ्लायओव्हरवर जाम लागला तरी हात थरथरत नाहीत. म्हणजे येतं त्यांना शिकवता, कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत.

या वयात मिळालेलं लायसन्स 10 वर्षं चालतं. दहा वर्षं कोणी विचारायला येणार नाही की तुम्हाला चढावर गाडी निघते का.

प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामल्याकडे कोणी असेल, लर्निंग हातात आहे, घरी गाडी आहे पण बाजूला बसायला शांत डोक्याचं माणूस नाही, तर इनबॉक्समध्ये मेसेज करा. रविवारी सकाळी साडेसहाला मी मोकळी असते. गाडी तुमची, एल तुमचा, मी बाजूला हँडब्रेकजवळ बसते आणि ओरडत नाही.