'एकही भाकीत खरं ठरलं नाही' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या दडपशाहीच्या जगाचं चित्र रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवरच्या माझ्या लेखावर सानपाड्याच्या वाचकांची प्रतिक्रिया अशी: "लेख फार लांब. या डिस्टोपियन कादंबऱ्यांतलं एकही भाकीत खरं ठरलं नाही, १९८४ साल आलं आणि गेलं. भरल्या पोटाची भीती तुम्ही आमच्या माथी मारता."

लेख लांबला, मान्य. पण 'माथी मारता' ही काय बोलायची रीत झाली? वाचायची सक्ती तुमच्यावर कोणी केली नव्हती. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा मी जुना सभासद आहे, ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूनच लिहितो. तुमच्या प्रतिक्रियेत एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही.

आता भाकितांबद्दल. या कादंबऱ्या म्हणजे पंचांग नव्हे. लेखक आपल्या काळात चालू असलेली एखादी पद्धत उचलतो, तिच्यातल्या पळवाटा बुजवतो आणि मग सगळं जग तिच्यावर चालवून बघतो. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनिअर. १९१६-१७ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर त्याची देखरेख होती. कामगाराची हालचाल घड्याळ लावून मोजायची, ही अमेरिकन इंजिनिअर टेलरची पद्धत तेव्हा कारखान्यांत शिरत होती. 'वी' (म्हणजे 'आम्ही') या कादंबरीत झाम्यातिननं ती घरात आणली: उठणं, जेवणं, फिरणं एका तक्त्यावर, घरं काचेची, पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन, आणि माणसांना नावांऐवजी क्रमांक. १९२०-२१ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक १९२४ साली इंग्रजीत आलं, पण लेखकाच्या स्वतःच्या देशात छापलं जायला १९८८ उजाडलं. झाम्यातिननं भविष्य बरोबर ओळखलं की चुकीचं, याची चिंता तिथल्या सोव्हिएत सेन्सॉरना नव्हती. त्यांना पुस्तकात आपला वर्तमान दिसला.

'१९८४' या कादंबरीचा इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीवरून हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करत होता. युद्धकाळ होता, मजकूर सेन्सॉरच्या हातून जायचा. '१९८४'मधलं चॉकलेटचं प्रकरण त्या अनुभवाशेजारी ठेवून वाचा. आधी सरकार आश्वासन देतं की यंदा रेशन कमी होणार नाही. मग ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार असं ठरतं. जुन्या बातम्या बदलण्याची सरकारी नोकरी करणारा नायक विन्स्टन वर्तमानपत्राच्या जुन्या अंकातलं आश्वासन काढून तिथे 'कपात करावी लागेल' असा इशारा घालतो, अंक नव्यानं छापला जातो, जुन्या प्रती नष्ट होतात, त्याच्या टेबलावरची चिठ्ठी भिंतीतल्या भोकातून भट्टीत जाते. कपात जाहीर होते, आणि दुसऱ्याच दिवशी बातमी येते की रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले. शेजारचा पार्सन्स ते मुकाट्यानं गिळतो. यात भाकीत कुठे आहे? कागदपत्र बदललं की तक्रारीचा आधारच कसा नाहीसा होतो, याची ती बारकाईनं मांडलेली कार्यपद्धती आहे. ज्याला कचेरीतली फाइल कशी फिरते ठाऊक आहे, त्याला ती लगेच कळते.

या प्रकारातली फसलेली पुस्तकंही इथेच फसतात. पडक्या इमारती, मुखवटे, यंत्रमानव असं सगळं असतं. पण सकाळी कामावर जाऊन हा अन्याय राबवतो कोण, त्याला काय मिळतं, त्याच्यावर नजर कोणाची, हे लेखकाला माहीत नसतं. मग भीती सजावटीपुरती उरते.

'भरल्या पोटाची' म्हणालात म्हणून सांगतो. ऑर्वेलनं '१९८४'चा शेवटचा खर्डा १९४८ च्या अखेरीस जुरा बेटावर, क्षयानं खंगलेला असताना, अंथरुणात बसून टाइप केला. जून १९४९ मध्ये पुस्तक आलं, जानेवारी १९५० मध्ये तो गेला. त्यामुळे हे विशेषण मी सोडून देतो, तुम्हीही सोडा.

बाकी मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही. '१९८४'च्या शेवटी नवभाषेवरचं, म्हणजे त्या राजवटीनं घडवलेल्या भाषेवरचं, परिशिष्ट आहे. ते सगळं भूतकाळात लिहिलेलं आहे, जणू ती राजवट संपल्यावर कोणीतरी तिच्याविषयी लिहितोय. सभासदांना पुस्तकं विकणाऱ्या अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबनं ते गाळायला सांगितलं, तेव्हा पैशांचं नुकसान होण्याची शक्यता असूनही ऑर्वेलनं नकार दिला. का दिला असेल, ते परिशिष्ट वाचून मला लिहा.