डूलॅली म्हणजे आमची देवळाली

मी देवळाली कॅम्पात वाढले. तोपखान्याच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीतले कप थरथरायचे आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "झालं यांचं सुरू." तरीही आपल्या गावाच्या नावाचा इंग्रजीत 'डोकं फिरलेला' असा अर्थ होतो, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. आमच्या लंडन ऑफिसातला एक सहकारी कॉलवर कुणाला तरी 'डूलॅली' म्हणाला. सगळे हसले. मी तो शब्द शोधला, आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना देवळालीला आणून ठेवायचे. पुढे मुंबईहून जहाज. पण जहाजं सुटायची ती साधारण हिवाळ्याच्या हंगामातच. शेवटचं जहाज चुकलं की अख्खा उन्हाळा आणि पावसाळा इथेच. हाताला काम नाही, मलेरिया, दारू, आणि घरी जायचं जायचं म्हणत दिवस मोजणं. त्यात काहींचं डोकं जायचं. सोबतीच त्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. हा टॅप म्हणजे आपला ताप.

1914 ला पहिल्या महायुद्धात असेच जुने शिपाई फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत उतरले, ते हिंदुस्थानातले शब्द घेऊन. रोटीचं 'रूटी', देखोचं 'डेको'. पण मला हलवून सोडलं ते 'ब्लायटी'ने. मूळ शब्द विलायती. अर्थ, आपलं घर, इंग्लंड. खंदकात 'ब्लायटी' म्हणजे जीव जाणार नाही, पण घरी पाठवावंच लागेल अशी जखम. वीस-बावीस वर्षांची पोरं अशी जखम व्हावी म्हणून आस लावून बसायची. पाय मोडला तर नशीबवान! त्या एका शब्दात युद्धाचं जेवढं खरं रूप आहे, तेवढं मला कुठल्याही विजयस्तंभावर दिसलेलं नाही.

त्याच युद्धात लढणाऱ्या आपल्या जवानांची पत्रं तर सेन्सॉर वाचायचे. म्हणून काही जण घरी मिरीचा हिशेब लिहायचे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असं पत्रात वाचून घरच्यांनी काय ते ओळखायचं. पत्र वाचून दाखवणाऱ्याचा आवाज तिथे कसा झाला असेल?

'शेल शॉक', म्हणजे लढाईच्या धक्क्याने मन कोलमडणं, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला 1915 साली. शिपायांनी मनाच्या दुखण्याला त्याच्या कितीतरी आधी नाव दिलं होतं, आणि ते आमच्या गावाचं होतं. म्हणून या शब्दांच्या 'गमतीदार फौजी भाषा' छाप याद्या फिरतात तेव्हा मला राग येतो. ती माणसं गंमत करत नव्हती. जे सरळ बोलता येत नव्हतं, ते अशा शब्दांत बोलत होती.

हे सगळं मी त्या सहकाऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गावाचं नाव नीट कसं म्हणायचं ते सांग. 'ळ' त्याला जमला नाही, पण तीनचारदा म्हणून पाहिलं त्याने. देवलाली. देवलाली.